लहान संगणक व बिनतारी जाळें

तळहातावर मावेल एवढा संगणक हल्लीं कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं दिसूं लागला आहे. मुलांस अल्प खर्चांत संगणकाचें शिक्षण मिळावें, या हेतूनें इंग्लंडांतील केंब्रिज येथील रास्पबेरी पाय संस्थेनें हें यंत्र सन २०१२ च्या फेब्रुवारींत प्रथम विक्रीस आणिलें. त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. परंतु हें यंत्र घरच्या वाय-फायशीं जुळत नाहीं, अशी तक्रार वारंवार कानीं येते. यंत्रच बिघडलें असें समजून वडील मंडळी मुलास बोल लावितात, आणि मूल हिरमुसलें होऊन तें अडगळींत टाकितें. वस्तुतः यंत्र बहुधा निर्दोष असतें. यास्तव दोष शोधण्याचा क्रम येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आपला नमुना ओळखावा. सन २०१६ मध्यें निघालेल्या तिसऱ्या नमुन्यापूर्वीं या यंत्रांत वाय-फाय अंगभूत नव्हतें. त्यास बाहेरून जोड द्यावी लागते. तिसऱ्या नमुन्यास २.४ गिगाहर्ट्झच्याच लहरी समजतात. ५ गिगाहर्ट्झची सोय सन २०१८ च्या सुधारलेल्या नमुन्यापासून झाली. राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर बोलत असेल, तर जुन्या यंत्रास त्याचें नांवही दिसणार नाहीं.

दुसरें, वीज. मोबाइलचा जुना चार्जर येथें पुरा पडत नाहीं. तिसऱ्या नमुन्यास २.५ अँपिअर व चौथ्यास ३ अँपिअर प्रवाह देणारा पुरवठा हवा. विजेचा दाब ४.६३ व्होल्टच्या खालीं गेला म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यांत विजेची लहानशी आकृति दिसते. ती दिसल्यास इतर खटपटीपूर्वीं चार्जर बदलावा.

तिसरें, देश. बिनतारी लहरींविषयीं प्रत्येक देशाचे नियम निराळे असतात. म्हणून सेटिंगमध्यें देश निवडीपर्यंत वाय-फाय बंद राहूं शकतें. तेथें भारत निवडावा. ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दिली असतां वाय-फाय अडविलेलें आहे कीं काय, तें कळतें.

यानंतर जागा पाहावी. धातूची पेटी, जाड भिंत, चालू असलेला मायक्रोवेव्ह किंवा यूएसबी ३ ची शेजारची जोडणी यांमुळें २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींस अडथळा येतो. यंत्र राउटरजवळ नेतांच काम सुरू झालें, तर दोष अंतराचा समजावा. पासवर्डांतील लहानमोठीं इंग्रजी अक्षरेंही ताडून पाहावीं. सन २०२३ च्या ऑक्टोबरांतील आवृत्तीपासून जाळ्याचा कारभार नेटवर्क-मॅनेजर पाहतो. तत्पूर्वींच्या लेखांतील सूचना नव्या यंत्रावर जशाच्या तशा लागू पडत नाहींत.

जोडणी होऊनही काम होत नसेल, तर पत्ता पाहावा. पत्ताच नसेल, किंवा तो १६९.२५४ या अंकांनीं सुरू होत असेल, तर राउटरनें पत्ता दिलेला नाहीं. पत्ता ठीक असल्यास ‘पिंग’ या आज्ञेनें आधीं राउटरास, मग ८.८.८.८ या बाहेरील पत्त्यास, व शेवटीं एखाद्या संकेतस्थळास नांवानें हांक मारावी. अंकास उत्तर आलें, पण नांवास आलें नाहीं, तर रस्ता मोकळा आहे. नांवावरून पत्ता सांगणारा डीएनएस मात्र चुकत आहे. यंत्रास तारेची सोय असल्यास राउटरशीं तारेनें जोडून पाहावें. तेवढ्यानें काम चाललें, तर इंटरनेट शाबूत असून दोष बिनतारी भागांतच आहे, हें सिद्ध होतें.

विद्यार्थ्यांनो, एका वेळीं एकच गोष्ट बदला, व काय केलें आणि काय घडलें तें वहींत टिपून ठेवा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र चालू होईल कदाचित्, पण ज्ञान मिळणार नाहीं. पालकांसही आमची विनंति आहे कीं, नवें यंत्र घेण्याची अथवा मुलास दोष देण्याची घाई न करितां, एक संध्याकाळ त्याच्याशेजारीं बसावें. दोष कोणाचा हें विचारण्याआधीं दोष कोठें आहे हें शोधावें, ही संवय ज्या घरीं लागली, तेथें या लहानशा यंत्राचें मोल पुरेपूर वसूल झालें, असें आम्ही समजतों.