अर्थ कळला, पण वाक्य चुकले

इंग्रजी कोशात ‘ऑब्व्हिएट’ या क्रियापदाचा अर्थ ‘दूर करणे, टाळणे’ असा सापडतो. तेवढ्यावर विसंबून ‘वाटेतली खुर्ची दूर केली’ या अर्थाने ते वापरले, तर वाक्य व्याकरणात बसूनही चुकते. या क्रियापदाचे कर्म सहसा वस्तू किंवा माणूस नसते; ते असते गरज, अडचण किंवा धोका. ‘द ब्रिज ऑब्व्हिएट्स द नीड फॉर अ फेरी’ म्हणजे पूल झाल्यामुळे नावेची गरजच उरत नाही. म्हणून अर्थासोबत क्रियापदाचे कर्मही शिकायला हवे. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी हे नेमके हेरले होते. १९४२ मध्ये टोकियोत निघालेल्या त्यांच्या कोशात क्रियापदांच्या वाक्यरचनेचे नमुने दिले होते. पुढे ऑक्सफर्डने तो कोश जगभर पोहोचवला.

सोपा शब्द असताना अवघड कशाला, हा आक्षेप बऱ्याच अंशी रास्त आहे. खुर्चीसाठी ‘रिमूव्ह’च योग्य. पण गरज निर्माण होण्याआधीच ती संपवणे, ही छटा ‘रिमूव्ह’मध्ये येत नाही. इंग्रजी मातृभाषा असणारे असे नमुने पाठ करत नाहीत, हेही खरे. मात्र लहानपणापासून त्यांच्या कानांवर हजारो वाक्ये पडलेली असतात. तशी वाक्ये न ऐकल्याची उणीव आपल्याला वाचनाने भरून काढावी लागते. म्हणून अनोळखी क्रियापद वापरण्यापूर्वी चांगल्या लेखनातली चार-पाच वाक्ये शोधावीत, त्यांतले कर्ता आणि कर्म तपासावेत आणि मगच आपले वाक्य लिहावे.