फुटलेला खडा आणि परतीचं तिकीट

दिवाळी अंकाच्या संपादकांना आरोग्य-पर्यटनावर लेख हवा होता. रुग्णालयांच्या चकचकीत लॉबी, अरबी बोलणारे दुभाषे, विमानतळावर नावाचा कागद धरून उभे असलेले एजंट असं काहीसं त्यांच्या डोळ्यांपुढे असावं. ते सगळं मी पाहिलं. त्यातलं फारसं काही या लेखात येणार नाही, कारण मुंबईच्या उपनगरातल्या एका युरॉलॉजी रुग्णालयात, तळमजल्याच्या टोकाला असलेल्या एका खोलीत मी अडकून पडलो. दारावर ‘लिथोट्रिप्सी’ अशी पाटी आहे. आतली माणसं तिला नुसतं ‘लिथो’ म्हणतात. शस्त्र न लावता, शरीराबाहेरून धक्कालहरी सोडून मुतखडा फोडायची ही खोली. यंत्र चालवणारे तंत्रज्ञ पन्नाशी ओलांडलेले आहेत. पेशंट त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागलो.

काकांना जेली लावताना पाहायला हवं. यंत्राच्या डोक्यावर पाण्याने भरलेली रबरी उशी असते. तीच खालून वर येऊन पेशंटच्या कमरेला टेकते. सोनोग्राफीत लावतात तसली जेली काका या उशीच्या मधोमध ओततात. एकच ढीग, बाटलीतून सावकाश. हाताने अजिबात फासत नाहीत. उशी वर चढते आणि तिच्या दाबानेच जेली कडेपर्यंत पसरते. “हाताने फासली की बुडबुडे धरते,” ते म्हणाले. “बुडबुडा राहिला, तर शॉक तिथेच मेला.” त्या दिवशी उशी टेकवल्यावर त्यांना काहीतरी खटकलं. उशी खाली घेतली, सगळी जेली पुसली, पुन्हा ओतली. टेबलावरच्या बाई कंटाळल्या होत्या. “काका, अजून किती वेळ?” “तासभर धरा, मावशी. घाई केली तर तोटा तुमचाच.”

मला हा माणूस अतिचिकित्सक वाटला होता. नंतर वाचलं, तेव्हा कळलं की त्यांचं वागणं मोजमापाला धरून आहे. पाण्यातून निघालेली लहर शरीरात विनासायास शिरते, कारण आपलं मांस बहुतांशी पाणीच असतं. हवा आडवी आली, की ती तिथूनच परत फिरते. उशी आणि कातडी यांच्यामधल्या जेलीत जेमतेम दोन टक्के जागा हवेने अडवली, तरी खडा फुटण्याचं प्रमाण २० ते ४० टक्क्यांनी घसरतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. खडा फुटला नाही, तर पेशंटला सांगतात, ‘तुमचा खडा टणक आहे.’ जेलीत बुडबुडे होते असं कुणी सांगत नाही.

या यंत्राचा अधिकृत इतिहास विमानांपासून सुरू होतो. डॉर्निए ही विमानं बनवणारी जर्मन कंपनी. आवाजापेक्षा जास्त वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूची काय गत होते, याचा तिथले अभियंते अभ्यास करत होते. १९६६मध्ये अशाच एका प्रयोगात वेगवान गोळी लक्ष्यावर आदळली, त्या क्षणी एका अभियंत्याचा हात लक्ष्याला लागलेला होता. त्याला विजेच्या झटक्यासारखं काहीतरी जाणवलं. पण वीज तिथे नव्हतीच. लहर त्याच्या अंगात शिरली होती आणि कातडीवर ओरखडाही नव्हता. यातून म्यूनिकच्या विद्यापीठातले एगबर्ट श्मिट, फर्डिनांड आयझेनबर्गर आणि ख्रिस्तियान शॉसी हे डॉक्टर डॉर्निएच्या बेर्न्ड फोर्समान यांच्याबरोबर कामाला लागले. माणसाचे खडे कुत्र्यांच्या मूत्रपिंडात बसवून प्रयोग झाले. खडा फुटतो हे तसं लवकर कळलं. आतला खडा नेमका कुठे आहे हे दिसायला मात्र वर्षं गेली. सोनोग्राफी तेव्हा पुरी पडेना. शेवटी दोन दिशांनी एकमेकांना छेदणारे क्ष-किरण वापरले, तेव्हा नेम बसला. फेब्रुवारी १९८०मध्ये पहिल्या माणसावर उपचार झाले.

पुढे एचएम-३ नावाचं मॉडेल आलं आणि जगभर गेलं. मला खरा मोह पडला तो याच यंत्राचा. छताला टांगलेल्या खुर्चीवजा पाळण्यात पेशंट, त्याला भूल दिलेली, आणि तो पाळणा पोलादी टबातल्या कोमट पाण्यात उतरतो. पाणीही साधं नाही. त्यातली हवा आणि क्षार काढून टाकलेले. टबाच्या तळाशी पितळेचा अर्ध्या अंड्याच्या आकाराचा वाडगा. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात हे शाळेत शिकतो आणि विसरतो. इथे एका नाभीत ठिणगी पाडणारं इलेक्ट्रोड असतं आणि दुसऱ्या नाभीत, टबातल्या माणसाच्या आत, खडा आणून ठेवायचा असतो. सुमारे २० हजार व्होल्टची ठिणगी पाण्याखाली पडते, पाण्याची क्षणात वाफ होते, धक्का सुटतो आणि वाडग्यावरून परतून खड्यावर एकवटतो. वाटेत तो पसरलेला असतो, म्हणून कातडी आणि स्नायू वाचतात. आवाज बंदुकीच्या बारासारखा. खोलीतले सगळे कानांना संरक्षण लावत.

आणखी एक भानगड होती. धक्का भलत्या क्षणी बसला तर हृदयाचा ठोका चुकतो. त्यामुळे यंत्र इसिजीला जोडलेलं असे आणि प्रत्येक ठोक्यानंतर, हृदय बेसावध नसेल तेवढ्याच फटीत, एकेक धक्का सुटे. म्हणजे यंत्राचा वेग पेशंटच्या नाडीइतका. दोन हजार धक्के द्यायचे, तर अर्धा तास सहज जाई. घाई करायची सोयच नव्हती.

सुरुवातीची तीनचार वर्षं ही सोय फक्त पश्चिम जर्मनीत होती. उपचार हवा असेल तर म्यूनिक गाठायचं, नंतर स्टुटगार्टही. अमेरिकेत पहिलं यंत्र १९८४च्या सुरुवातीला इंडियानापोलिसला लागलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथल्या सरकारी मान्यतेचा शिक्का बसला. कूस उघडून करायची शस्त्रक्रिया, हातभर व्रण आणि महिनाभराची रजा हा दुसरा पर्याय असताना माणसं जर्मनीला का जात असतील, हे वेगळं सांगायला नको. परदेशी जाण्यामागे तेव्हा यंत्र हे कारण होतं.

मग टब गेला. तो महाग होता, अख्खी खोली अडवायचा आणि भूल दिलेल्या माणसाला पाण्यात धरून ठेवणं भूलतज्ज्ञांना नकोसं व्हायचं. पुढच्या यंत्रांत टबाची जागा उशीने घेतली, भूल बहुतेकदा टळली, आणि दुखू नये म्हणून धक्क्याचा केंद्रबिंदू बारीक केला गेला. इसिजीची बेडीही पुष्कळ ठिकाणी सुटली. मिनिटाला १२० धक्के देता येऊ लागले. सगळ्या सुधारणा समजण्यासारख्या. फक्त खडे पूर्वीइतके फुटेनात. श्वासाबरोबर मूत्रपिंड दोन-तीन सेंटिमीटर वर-खाली होतं; बारीक केंद्रबिंदूचे कितीतरी धक्के खड्याच्या शेजारून निघून जातात. मिनिटाला ६० धक्के दिले तर १२०पेक्षा खडा चांगला फुटतो, असं नंतरच्या चाचण्यांनी दाखवलं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांनी जुनं एचएम-३ सांभाळून ठेवलं होतं. त्यांनी नव्या यंत्राशी त्याची रीतसर तुलना करून २०११मध्ये निष्कर्ष छापले. म्हातारं यंत्र सरस ठरलं होतं. टब आणि नाडी या दोन कटकटी म्हणून काढून टाकल्या, आणि यंत्राचं यश बरंचसं त्यांच्यातच होतं, असं माझं मत झालं आहे. काकांनी एचएम-३ कधी पाहिलेलं नाही. पण ते मशीन मिनिटाला ६०वर ठेवतात आणि जेली पुन्हा ओततात, म्हणजे त्यांच्यापुरता तो टब परत आणतात.

आता प्रवासाची दिशा उलटली आहे. या खोलीबाहेरच्या बाकावर मला ओमान, केनिया, बांगलादेश भेटलं. आणि त्याहून जास्त भेटले ते खेड, चिपळूण, महाडचे, आखातात नोकरी करणारे. उन्हातलं काम, घाम, कमी पाणी. लघवी दाट होते आणि खडे धरतात. इलाजाला ते रजेवर घरी येतात. येताना आईने पाठवलेला कुळथाचा काढा किंवा पानफुटीची पानं घेऊन झालेली असतात. एजंट त्यांना ‘तीन दिवसांचं पॅकेज’ सांगतो.

त्या तीन दिवसांशीच माझं भांडण आहे. खडा फुटायला तास लागतो, पण चुरा लघवीवाटे बाहेर पडायला आठवडे लागतात, कधी तीन महिने. यशापयश मोजायचं तेही साधारण तीन महिन्यांनी. परदेशी पेशंटच्या ई-मेडिकल व्हिसाची मुदत मात्र ६० दिवसांची. मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात खडा असेल तर तो फुटूनही चुरा तिथेच साठून राहतो, कारण त्याला वर चढून बाहेर यायचं असतं. कधी तुकडे मूत्रनलिकेत एकामागे एक अडकून रांग लावतात. वाट बंद, त्यात जंतुसंसर्ग आणि ताप, असं झालं तर ती काही तासांत निस्तरायची आणीबाणी असते. आणि तेव्हा पेशंट विमानात किंवा अबुधाबीच्या लेबर कॅम्पमध्ये असू शकतो. एक्स-रेवर चुरा नीट दिसल्याशिवाय विमानात बसू नका, असं इथले डॉक्टर बजावतात. तिकीट आधीच काढलेलं असतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. धक्क्यांनी मूत्रपिंडाभोवती रक्त साकळू शकतं, म्हणून त्या गोळ्या आधी बंद कराव्या लागतात, आणि त्या कशासाठी चालू होत्या हे ठाऊक असणारा डॉक्टर दुसऱ्या देशात बसलेला असतो. खड्याचा टणकपणाही सीटी स्कॅनवर आधी अंदाजता येतो. घनतेचा आकडा हजाराच्या पुढे गेला तर लिथोचा भरवसा कमी. अशा माणसाला लिथोसाठी विमानात बसवून आणणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं, कारण स्कॅन त्याच्या गावीही निघतो.

सगळ्यात जास्त काळजी वाटली ती विसरलेल्या स्टेंटची. मूत्रनलिका मोकळी राहावी म्हणून आत डीजे स्टेंट नावाची मऊ नळी ठेवतात. ती काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत काढायची असते. राहून गेली तर तिच्यावरच क्षारांचे थर चढतात आणि मूळ खड्यापेक्षा मोठं दुखणं होतं. या रुग्णालयात स्टेंटची वेगळी वही आहे. कुणाचा कधी काढायचा त्या तारखांची. स्थानिक पेशंटला फोन केला की तो येतो. परदेशी पेशंटचा नंबर बहुतेकदा इथल्या तात्पुरत्या सिमचा असतो, तो महिन्याभरात बंद पडतो. वहीत अशा नोंदींपुढे लाल खूण आहे.

लिथोची खोली आता आठवड्याचे सगळे दिवस चालत नाही. लवचीक दुर्बीण मूत्रमार्गातून वर नेऊन लेसरने खडा जाळायचा, हा उपचार तरुण डॉक्टरांना आवडतो आणि बाहेरगावच्या पेशंटलाही. खडा एका फेरीत संपण्याची शक्यता जास्त. काका यावर फारसं बोलत नाहीत. मस्कतमध्ये वेल्डिंग करणारा, मंडणगडचा एक तरुण बाकावर होता. त्याचा खडा मऊ, वरच्या कप्प्यातला, सेंटिमीटरभराचा. लिथोसाठी याहून चांगला खडा शोधून सापडायचा नाही. पण रजेचे थोडेच दिवस उरले होते. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय समजावले. लेसर केलं तर स्टेंट राहणार आणि तो मस्कतलाच काढावा लागणार, हेही सांगितलं. त्याने तिथूनच मस्कतच्या मित्राला फोन लावला, स्टेंट काढायला किती रियाल लागतात ते विचारलं, मोबाइलवर रुपयांत हिशेब केला आणि लेसरची तारीख घेतली.