बर्फातले चिमुकले पंजे

टोरांटोच्या हिवाळ्यात छोट्या कुत्र्याला थंडीपेक्षा फुटपाथवरचं मीठ जास्त छळतं. पारा उणे 10च्या खाली गेला की साधं मीठ फारसं चालत नाही, मग कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ते विरघळताना तापतं आणि तळव्याच्या गाद्या चुरचुरतात. त्यात कुत्रं पाय चाटणारच. मीठ पोटात गेलं की उलट्या. बोटांमधल्या केसांत बर्फाच्या गोट्या होतात आणि बिचारं तीन पायांवर उभं राहतं. ते केस गादीच्या पातळीत कापा. निघताना पंजांना मेणाचं मलम, आल्यावर कोमट पाणी, बेचक्या कोरड्या. बूट उत्तम, पण सुरुवातीला कुत्रं बगळ्यासारखं पाय उचलतं, हसू आवरा. पोटही पुसा, ते बर्फापासून चार बोटंच वर असतं.