चापावरचे बोट

पुण्यातील आमच्या जुन्या घराच्या मागल्या पडवीत, शहाबादी फरशीवर, वडिलांनी सुतारकामाचे जे छोटेसे ठाण मांडले होते त्याचा कारभार माझ्याकडे आला, तेव्हा त्यात करवत, रंधा, पटाशी, गिरमिट आणि कानस यांच्या गोतावळ्यात विजेवर चालणारे हत्यार एकच होते: धातूच्या अंगाचे, मनगट भरून यावे इतके जड असे एक ड्रिल. त्यानंतरच्या चाळीसएक वर्षांत ग्राइंडर आला, गोल करवत आली, रंधासुद्धा विजेचा झाला. आणि या सर्वांच्या सहवासात घडलेल्या लहानमोठ्या अपघातांची मनातल्या मनात जंत्री करू लागलो की वाटते, या यंत्रांचा सगळा इतिहास म्हणजे हाताकडून काढून घेतलेले शहाणपण यंत्राला परत शिकवण्याचा एक दीर्घ खटाटोप होय.

गिरमिटाने भोक पाडताना बळ पुरवणारा आणि आवरणारा हात एकच असे. लाकडात गाठ लागली तर तिची वार्ता बोटांना आधी कळे, आणि थकवा आला की काम आपोआप तहकूब होई. विजेच्या यंत्राचे बळ भिंतीतून येते, त्याला गाठीची तमा नसते. पत्र्याला भोक पडता पडता ड्रिलचे पाते त्यात अडकले, की घट्ट न आवळलेला पत्राच गरगर फिरू लागतो, आणि तो पत्रा डाव्या हाताने धरून ठेवण्याचे धाडस मी एकदाच केले आहे.

हातात धरून चालवायचे विजेचे ड्रिल श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने 1895 साली बनविले. परंतु आज आपण ज्या घाटाचे ड्रिल ओळखतो, पिस्तुलासारखी मूठ आणि तर्जनीखाली चाप असलेले, त्याचे पेटंट बाल्टिमोरच्या ब्लॅक अँड डेकर यांना 1917 साली मिळाले. त्या घाटाची वाखाणणी सोयीसाठी होते. मला मात्र त्यातील खरे मर्म असे वाटते की, बोट सैल पडताच वीज तुटते, म्हणजे हाताचा थांबण्याचा अधिकार त्यात शाबूत राहतो. पुढे चाप दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवण्याचे बटण देऊन तोच अधिकार काढून घेण्याची मुभाही यंत्रात आली, हा भाग वेगळा. 1946 पासून याच कंपनीने सामान्य गृहस्थाला परवडणारी ड्रिले बाजारात आणली आणि कारखान्यातील हे यंत्र घरात शिरले. कारखान्यातील मुकादम मात्र त्याच्याबरोबर आला नाही.

घरात आल्यावर निराळाच प्रश्न उभा राहिला. आमच्या पडवीत दोन भोकांचेच सॉकेट होते, तेव्हा ड्रिलच्या तीन पिनांपैकी जाडजूड अर्थिंगची पिन निरुपयोगी ठरवून, दोन उघड्या तारा काडेपेटीतील काड्यांनी भोकांत खुपसण्याचा त्या काळी सर्रास चालणारा शिरस्ता आम्हीही पाळीत होतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले की यंत्राच्या अंगातून बोटांना मुंग्या येत, आणि त्याला आम्ही 'जरा करंट मारतो' असे कौतुकाने म्हणत असू. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डालझिएल यांचे संशोधन कितीतरी वर्षांनी वाचनात आले, तेव्हा त्या कौतुकाची लाज वाटली. त्यांनी पुरुषांवर केलेल्या प्रयोगांत सरासरी 16 मिलिअँपियरच्या आसपास प्रवाह पोचला की मुठीचे स्नायू आखडून हातातील वस्तू सोडताच येईना. म्हणजे ज्या सोडण्यावर चापाची सारी भिस्त, तेच सोडणे वीज अशक्य करून टाकते. 1961 साली डालझिएल यांनी गळता प्रवाह ओळखून वीज तोडणारे साधन सिद्ध केले. त्याच जातीचे, 30 मिलिअँपियरला तुटणारे साधन आमच्या फळ्यावर बसले ते घराची वायरिंग बदलली तेव्हा. तोवर दुहेरी इन्सुलेशनची प्लास्टिकच्या अंगाची यंत्रेही आली होती.

ग्राइंडरची कैफियत मात्र अशी सुखान्त नाही. जर्मनीतील आकरमान उंड श्मिट कंपनीने 1954 साली तो आणला आणि त्यांच्या 'फ्लेक्स' या छापावरून जर्मन भाषेत या यंत्राचे नावच पडले. चार इंची चकती मिनिटाला 11,000 फेरे घेते तेव्हा तिची कड ताशी 200 किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. म्हणून तिच्यावर अर्धचंद्राकृती लोखंडी आडोसा असतो, आणि आपल्याकडे यंत्र खोक्यातून निघाल्याबरोबर प्रथम काढला जातो तो हाच. का, तर तो आड येतो. आडोसा निघाला की घासण्याच्या चकतीच्या जागी लाकूड कापण्याचे दातेरी पाते बसवायला कोणाची हरकत उरत नाही. मीही ते बसवले. शिसवीच्या फळीत दाते रुतले, यंत्र उसळले, आणि डाव्या अंगठ्याला सहा टाके पडले. त्या अंगठ्याच्या टोकाला आजही गार-गरम नीट कळत नाही.

अशा अंगठ्याच्या माणसाला स्टीफन गॅस यांच्या हकिगतीचे अगत्य वाटावे, हे स्वाभाविक आहे. भौतिकशास्त्राचे पदवीधर आणि पेटंटचे वकील असलेल्या या अमेरिकन गृहस्थांनी 1999 साली अशी कल्पना काढली की, करवतीच्या पात्यात क्षीण विद्युत्संकेत खेळता ठेवावा. मनुष्याच्या त्वचेचा स्पर्श होताच तो संकेत बदलतो, आणि स्प्रिंगच्या जोराने ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसून पाते सेकंदाच्या दोनशेव्या हिश्श्यात थांबते. प्रात्यक्षिकाला ते सॉसेज वापरीत. एकदा स्वतःचे बोटही लावून पाहिले. मोठ्या कारखानदारांनी परवाना घेण्याचे टाळले. 2003 साली गॅस यांनी अशी व्यवस्था सक्तीची करावी म्हणून सरकारी आयोगाकडे दरखास्त दाखल केली, आणि 2004 पासून आपलीच करवत विकावयास काढली. विरोधकांचे म्हणणे, हा संशोधक स्वतःच्याच पेटंटासाठी कायदा मागतो आहे. आणि हे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. तरीही, एकदा ठोकळा सुटला की तो आणि पाते दोन्ही वाया जातात, या खर्चाची ज्यांना फार हळहळ वाटली, त्यांच्या हिशेबात बोटाची किंमत कोणत्या रकान्यात मांडली होती हे मला अद्याप उमगलेले नाही.

भुशाचा विचार मी सर्वांत उशिरा केला, कारण त्याची इजा रक्त काढीत नाही. इंग्लंडमधील हाय विकम परिसरातील खुर्च्या-टेबले बनविणाऱ्या कारागिरांत नाकाचा कर्करोग अधिक आढळतो, हे 1960 च्या दशकातच तेथील वैद्यांच्या ध्यानी आले होते. जागतिक पातळीवर लाकडाच्या धुळीची गणना निश्चित कर्करोगकारकांत झाली ती 1995 साली. त्या काळात मी संध्याकाळी नाक शिंकरून सागवानी रंगाचा रुमाल धुवायला टाकीत असे.

हल्ली पडवीत नातू येतो. त्याच्या हाती बॅटरीवर चालणारे ड्रिल आहे. त्याला तार नाही, पाते अडकले की चकाच्या मागचे कडे कटकट वाजून आपणच सैल पडते, आणि त्याला या गोष्टीचे काडीचेही नवल वाटत नाही. वडिलांचे जड ड्रिल अजून फळीवर आहे, मात्र त्याची वायर मी मुळापासून कापून टाकली आहे. ग्राइंडरचा तो आडोसा गेल्या दिवाळीच्या साफसफाईत बिस्किटांच्या डब्यात सापडला. स्क्रू गंजला होता. तेल घालून दोन दिवस ठेवला तेव्हा फिरला.