यंत्राचे दफ्तर

पुण्यातील आमच्या घराच्या गॅलरीत, जेथे पूर्वी तुळस आणि गुलाबाच्या कुंड्या असत तेथे, आता ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची एक चौकट, तीन दिशांना सरकविणाऱ्या तीन स्टेपर मोटरी आणि मधोमध कटर धरून फिरणारा एक स्पिंडल असे कोरीवकामाचे लहानसे सीएनसी यंत्र मांडलेले आहे. कार्यक्षेत्र ३०० मिलिमीटर लांब आणि १८० मिलिमीटर रुंद, म्हणून हौशी मंडळी त्यास ‘तीस-अठरा’ म्हणतात. सागवानी फळीवर मोडी अक्षरे कोरावीत या इच्छेने मी ते सुट्या भागांत मागविले होते. परंतु फळीला कटर लागण्यापूर्वी कित्येक आठवडे माझा सारा व्यवहार यंत्राच्या देहाशी न होता त्याच्या दफ्तराशी झाला, आणि त्या दफ्तराविषयीच येथे लिहावयाचे आहे.

या यंत्राचा कारभार पाहणाऱ्या फर्मवेअरचे नाव जीआरबीएल. नॉर्वेतील सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी ते २००९ साली रचले व सर्वांस मुक्तपणे उपलब्ध करून दिले. अर्डुइनो उनो या स्वस्त बोर्डावर, म्हणजे १६ मेगाहर्ट्झ वेगाच्या आणि अवघ्या २ किलोबाइट कार्यस्मृतीच्या चिपवर राहून, पुढे येणाऱ्या सोळा हालचालींचा आगाऊ विचार करीत मोटरींना सेकंदास तीस हजारांपर्यंत स्थिर स्पंदने पुरविणारी ही रचना मला मानवी काटकसरीचा एक उत्कृष्ट नमुना वाटते. त्याच चिपमध्ये १ किलोबाइटची एक वेगळी कायम स्मृती असते, जी वीज गेली तरी पुसली जात नाही. यंत्राचा स्क्रू किती आट्याचा, मोटर कोणत्या दिशेने फिरवावी, जास्तीत जास्त वेग किती, सीमा कोठे, या सर्वांच्या क्रमांकवार नोंदी तेथे असतात. डॉलरचे चिन्ह दोनदा टंकून पाठविले की संपूर्ण दफ्तर पडद्यावर उलगडते. सीमेवरची बटणे सोडली तर बोर्ड स्वतः काहीच पाहत नाही. मोटर खरोखर हलली की नाही याची वर्दी त्याच्याकडे पोहोचविणारा कोणी नाही. दफ्तरात जे लिहिले आहे तेच सत्य मानून तो हुकूम सोडतो. यास्तव सुरुवातीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकच निघते: नोंद एक आणि वस्तुस्थिती दुसरी.

माझी पहिली तक्रार याच जातीची होती. शंभर मिलिमीटर सरक म्हटले की चौकट पन्नास मिलिमीटर सरके. हिशेब साधा आहे: मोटरीच्या एका फेऱ्यास २०० पावले, मोटर चालविणारा ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे सोळा भाग करतो, म्हणजे ३,२००, स्क्रूच्या एका फेऱ्यात नट ४ मिलिमीटर सरकत असेल तर मिलिमीटरला ८०० पावले, आणि ८ मिलिमीटर सरकत असेल तर ४००. विक्रेत्याने पाठविलेल्या बोर्डात ४०० लिहिलेले होते आणि स्क्रू होता चाराचा. स्क्रूवर पेन्सिलीची खूण करून, एक पूर्ण फेरा हाताने फिरवून, नट किती सरकला ते मोजले तेव्हा हे उमगले. १०० ते १०२ क्रमांकांच्या नोंदी दुरुस्त करताच मापे जुळली. याच आकड्यातून आणखी एक मर्यादा निघते: मिलिमीटरला ८०० पावले आणि सेकंदास ३० हजार स्पंदने, म्हणजे मिनिटाला २,२५० मिलिमीटरच्या पलीकडे हा बोर्ड जाऊच शकत नाही, मग वेगाच्या नोंदीत पाच हजार लिहा की दहा हजार. येथे माझे एक ठाम मत आहे. अडीचशे मिलिमीटरमध्ये अर्धा मिलिमीटर कमी भरला की पुष्कळजण ८०० चे ८०१.६ करून मोकळे होतात. परंतु तेवढी तूट बहुधा नटाच्या सैलपणातून येते, आणि सैलपणावर आकड्याचे पांघरूण घातले तर दिशा उलटताच तो पुन्हा उघडा पडतो. म्हणून मोजणी नेहमी एकाच बाजूने जवळ येत करावी, आणि नट आधी पारखावा.

दुसरा मामला अधिक चिवट होता, आणि त्यात मी तीन आठवडे घालविले. स्पिंडल सुरू केला की काही क्षणांत यंत्र जागच्या जागी थांबे, ‘अलार्म १’ असे उत्तर येई, आणि त्यानंतर पाठविलेला हालचालीचा प्रत्येक हुकूम ‘एरर ९’ म्हणून नाकारला जाई. अलार्म १ याचा अर्थ सीमेवरचे बटण दाबले गेले. पण चौकट तर फळीच्या मधोमध उभी होती. मी बटणे बदलली, फर्मवेअर नव्याने चढविले, व्यर्थ. कारण तारेत होते. बटणाची तार ज्या पिनेत जाते तिला चिपच्या आतील एका दुबळ्या रोधाने, २० ते ५० किलोओहमच्या, वरच्या विद्युतदाबावर धरून ठेवलेले असते. लांब तार स्पिंडलच्या तारेला लागून धावली की स्पिंडलच्या ब्रशांतील ठिणग्यांचा गोंगाट ती अँटेनासारखी टिपते, आणि बोर्डाला तो बटण दाबल्याचा पुरावा वाटतो. पुण्याच्याच तापकीर गल्लीतून जाळीदार आवरणाची तार आणली, ती स्पिंडलच्या तारेपासून वेगळी नेली, आवरण एकाच टोकाला जमिनीशी जोडले, पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, आणि बटणे नेहमी जोडलेल्या स्थितीत राहतील अशी बसवून ५ क्रमांकाच्या नोंदीत तसा बदल केला. शेवटच्या या बदलाचा मला विशेष आदर वाटतो, कारण आता तार तुटली तरी यंत्र थांबते. पूर्वी तुटलेली तार निमूटपणे ‘सर्व क्षेम’ असेच कळवीत राहिली असती.

फर्मवेअरच्या जुन्या आवृत्तीवर नवी चढविणाऱ्यांसाठी थोडेसे. ०.८ आवृत्ती संगणकाशी ९,६०० बॉडच्या गतीने बोलत असे, ०.९ पासून ती गती १,१५,२०० झाली, म्हणून पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटली तर आधी गती तपासावी. त्याच वेळी उभ्या अक्षाच्या सीमेची तार ११ क्रमांकाच्या पिनेवरून १२ वर गेली, कारण ११ स्पिंडलच्या वेगनियंत्रणासाठी हवी होती. आणि चढविण्यापूर्वी सर्व नोंदींची नक्कल उतरवून घ्यावी, कारण नवी आवृत्ती जुने दफ्तर कोरे करू शकते.

मोडी अक्षरे मी हट्टाने निवडली होती. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग शक्यतो बोरू न उचलता अक्षरे लिहीत जायचे, ही त्या लिपीची रीत कटरलाही मानवते, कारण दर वेळी वर उचलून पुन्हा खाली उतरण्यात वेळही जातो आणि चुकीस वावही मिळतो. पहिल्या फळीवर तिसऱ्या ओळीपासून अक्षरे डावीकडे सरकलेली निघाली. नोंदी सर्व बरोबर होत्या. मोटरीचा दांडा आणि स्क्रू यांना सांधणाऱ्या कपलिंगचा बारीक स्क्रू सैल झाला होता, आणि बोर्डाला त्याचा पत्ताही नव्हता. तो आवळला, आणि १ क्रमांकाच्या नोंदीत २५ च्या जागी २५५ लिहिले, म्हणजे विसाव्याच्या क्षणीही मोटरी पकड सोडणार नाहीत. दुसऱ्या फळीवर पहिल्या ‘श्री’पासून शेवटच्या अक्षरापर्यंत खोली कॅलिपरने तपासली, फरक आढळला नाही. त्या दिवशीच्या सर्व नोंदी तारखेसह मी एका वहीत उतरविल्या, आणि ती वही आता यंत्राशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते.