पहिला शिक्का की दुसरा? टी-पेशींच्या एका जनुकाची गोष्ट



लिम्फोमाची, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाची शंका असली की जो रिपोर्ट येतो, त्यावर हल्ली काही वेळा ‘टीआरबीसी१’ अशी एक ओळ असते. आमच्या इमारतीतले लोक अशा ओळींचा अर्थ विचारायला माझ्याकडे येतात. का, तर मी इंजिनिअर! संगणकाचा आणि रक्ताचा काही संबंध नाही हे सांगून पाहिले, उपयोग झाला नाही. शेवटी पुस्तके उघडली, आणि वाटले की ही गोष्ट आपल्या अंकात यायलाच हवी.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी हे आपले पहारेकरी. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे त्यांचे शिक्षण होते, म्हणून त्या ‘टी’. प्रत्येकीच्या अंगावर एक रिसेप्टर असतो. त्याच्या खाचेत बसेल तोच शत्रू तिला ओळखता येतो. शत्रू अगणित, म्हणून रिसेप्टरही कोट्यवधी तऱ्हांचे हवेत. पण माणसाची सगळी जनुके मिळून वीस हजारांच्या आसपास! मग हे जमते कसे?

उत्तराची पहिली बाजू सुसुमु टोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९७६ साली प्रतिपिंडांच्या बाबतीत दाखवली. त्यांना १९८७ चे नोबेल मिळाले. टी-पेशींच्या रिसेप्टरचे जनुक मात्र १९८४ पर्यंत कोणाला सापडत नव्हते. त्या वर्षी टोरांटोत टाक माक आणि अमेरिकेत मार्क डेव्हिस यांनी ते शोधले.

या रिसेप्टरचा ‘बीटा’ भाग आपल्या सातव्या गुणसूत्रावर लिहिलेला आहे, पण सलग नाही, तुकड्यांत. रेल्वे यार्डात डबे उभे असावेत तसे समजा. आधी ‘व्ही’ जातीचे पन्नासएक डबे. मग एक ‘डी’, सहा ‘जे’ आणि एक ‘सी’. त्यापुढे पुन्हा एक ‘डी’, सात ‘जे’ आणि दुसरा ‘सी’. पेशी घडताना एक व्ही, एक डी, एक जे निवडून जोडले जातात आणि मधले डबे कापून टाकले जातात. एवढ्याने हजारभर गाड्या तयार होतात. जोडाच्या जागी पेशी काही अक्षरे मनाला येतील तशी घालते वा गाळते, त्यामुळे संख्या कोटींत जाते. आमच्या धंद्यात अशी अक्षरे कोणी घातली तर नोकरी जाईल, इथे त्यावरच जीव वाचतो.

आता शेवटचा ‘सी’ डबा पाहा. पहिल्या गटातला जे निवडला तर त्यालगतचा सी-१ वापरला जातो. दुसऱ्या गटातला निवडला तर सी-१ कापलेल्या डब्यांबरोबर जातो आणि सी-२ येतो. म्हणजे प्रत्येक टी-पेशीवर एक तर पहिला शिक्का असतो, नाहीतर दुसरा. दोन्ही नाहीत. निरोगी माणसात साधारण तिनांतली एक किंवा थोड्या अधिक पेशी पहिल्या शिक्क्याच्या, बाकीच्या दुसऱ्या.

कर्करोग एका बिघडलेल्या पेशीपासून वाढतो. तिच्या सगळ्या नकलांवर एकच शिक्का असणार. पेशींना चमकणारे प्रतिपिंड लावून त्या एकेक करून लेझरसमोरून नेतात आणि शिक्के मोजतात. संशयित पेशींचा गट जवळजवळ सगळाच एका शिक्क्याचा निघाला, तर त्या एकाच मुळातून आल्या असाव्यात असे डॉक्टर म्हणतात. पण एवढ्यावर घाबरू नये. वाढत्या वयात असे छोटे निरुपद्रवी गट धडधाकट माणसातही सापडतात. निदान डॉक्टर बाकीच्या तपासण्या जोडूनच करतात.

हाच शिक्का औषधाचे लक्ष्य कसा ठरतो, हे समजायला पवईला जाऊ. आयआयटी मुंबईत प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलबरोबर ‘नेक्सकार१९’ हा उपचार उभा केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला भारतात मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, माणसाने रचलेल्या रिसेप्टरचे जनुक त्यांत घालून त्या परत सोडतात. त्या सीडी१९ ही खूण असलेल्या बी-पेशींना मारतात. परदेशात याच धर्तीच्या उपचाराला लागतो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास खर्च येतो. मुंबईच्या लोकांनी केलेले हे काम मला चंद्रावरच्या यानाइतकेच मोठे वाटते.

पण हा उपचार बी-पेशींच्या कर्करोगावर आहे. तो रोगट पेशींबरोबर चांगल्या बी-पेशीही मारतो. ती उणीव बाहेरून प्रतिपिंडे देऊन बरीचशी भरता येते. टी-पेशींच्या कर्करोगात तसे करता येत नाही. सगळ्या टी-पेशी मारल्या तर माणूस साध्या संसर्गानेही दगावेल. एड्समध्ये टी-पेशींचा एकच प्रकार घटतो, तरी काय होते ते आपण जाणतो. म्हणूनच या रुग्णांना आजही उपचार थोडेच आहेत.

इथे शिक्का कामी येतो. रोग पहिल्या शिक्क्याचा असेल तर तेवढ्याच पेशी मारायच्या. दुसऱ्या शिक्क्याच्या निरोगी पेशी पहाऱ्यावर राहतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील गटाने २०१७ मध्ये हे मांडले. दोन शिक्क्यांतला फरक किती, तर नेमक्या जागी दोन अमिनो आम्ले शेजारी-शेजारी उलट क्रमाने! ‘कप’ आणि ‘पक’ एवढाच. तरीही प्रतिपिंडाला तो ओळखता येतो.

२०२५ मध्ये माणसांवरच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. रुग्ण फक्त दहा, काहींचा रोग पूर्ण मावळला, पण त्यावरून हुरळून जाण्यात अर्थ नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना २०२४ मध्ये उंदरांत अडचणही दिसली. निरोगी टी-पेशी उलट औषधी पेशींवरच हल्ला करतात. त्यांनी म्हणून पेशींऐवजी विष बांधलेले प्रतिपिंड करून पाहिले. दुसऱ्या शिक्क्याच्या रोग्यांसाठी वेगळे प्रतिपिंड घडवण्याचे कामही चालू आहे.

तेव्हा या शिक्क्याची तपासणी होते, त्यावरचे औषध मात्र अजून चाचण्यांतच आहे. इथून मुंबईला रिपोर्ट पाठवणाऱ्या कुटुंबांनी टी-पेशींच्या लिम्फोमाचे निदान झाले असेल तर डॉक्टरांना दोनच गोष्टी विचाराव्यात: रोग कोणत्या शिक्क्याचा आहे, आणि त्या शिक्क्यासाठी चाचणी कुठे चालू आहे का.