ओव्याच्या तेलात काय असते?

ओव्याच्या दाण्यांत साधारण २ ते ४ टक्के बाष्पनशील तेल असते. त्यातला मुख्य घटक थायमॉल. बऱ्याच नमुन्यांत तेलाचा जवळपास अर्धा भाग त्याचाच. उरलेल्यात प्रामुख्याने गॅमा-टर्पिनीन आणि पॅरा-सायमीन. तेल थंड केले की थायमॉलचे स्फटिक वेगळे होतात. बाजारात यालाच ‘ओव्याचे फूल’ म्हणतात. एरवी ते ५० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, पण कापूर आणि पुदिन्याचे फूल यांच्यासोबत मिसळले, तर उष्णता न देताच तिन्हींचे पाणी होते. घरोघरची अमृतधारा ती हीच. रसायनशास्त्राच्या तासाला दाखवावा असा याहून सुंदर प्रयोग मला माहीत नाही.

थायमॉल हे फिनॉल आहे. जिवाणूच्या पेशीपटलात शिरून ते पटल सैल करते. आतले पोटॅशियमचे आयन बाहेर गळतात आणि पेशी मरते. म्हणूनच ते माउथवॉशमध्ये आले. मधमाश्यांना छळणाऱ्या व्हरोआ माइटवरही ते वापरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंकुशकृमींवरचे ते महत्त्वाचे औषध होते. मात्र परीक्षानळीत जिवाणू मेले म्हणून माणसाचा आजार बरा होतोच असे नाही. शुद्ध तेलाने त्वचेची आग होते, आणि ते पोटात तर घेऊच नये.